‘यांची माझी भेट होईल ना?’

ताई, नमस्कार.

माझे बाबा मागच्या डिसेंबरात गेले. १२ वर्षांपूर्वी एका मोठ्या आजारातून उठल्यावर त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. नाशिकरोडच्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ते दर रविवारी उपासनेला जायचे. आई माळकरी. तिने एकादशी, हरिपाठ, तुळस काही सोडलं नाही आणि बाबांनीही तिला कधी ‘सोड’ म्हटलं नाही. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला ती त्र्यंबकला निघाली की बाबाच तिला पिशवीसकट स्कूटरवर सीबीएसला, एसटी स्टँडवर, सोडून यायचे.

त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना दफन केलं. दादाला ते अजून पटलेलं नाही. दहावं नाही, तेरावं नाही, बाबांना गती कशी मिळणार, असं तो म्हणतो. रामकुंडावरच्या आमच्या गुरुजींकडे जाऊन आला. त्यांच्या वंशावळीच्या चोपडीत आजोबांच्या वेळची बाबांची सही आहे, तिचा फोटो काढून आणलाय. दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि मग राहिलेले विधी करायचे, असं त्याच्या मनात आहे. दुसरीकडे मंडळीतल्या एक मावशी आईला भेटायला येतात. प्रेमाने येतात, डबा घेऊन येतात. पण सांगतात की बाबा प्रभूजवळ आहेत, तुम्ही तारण स्वीकारलं नाहीत तर पुन्हा भेट नाही.

आई ६८ वर्षांची आहे. रात्री मला विचारते, ‘मी माळ काढून ठेवली तर यांची माझी भेट होईल ना?’ मी स्वतः यातलं फारसं काही मानत नाही. तिला काय सांगू? आणि दादाला अडवू का?

– एक मुलगी, नाशिकरोड

नमस्कार.

आईच्या प्रश्नापासून सुरुवात करते. दादाचं आणि मावशींचं नंतर बसून निस्तरता येईल. आईचा प्रश्न रोज रात्री येतोय आणि तुम्हाला त्याला आज रात्रीही तोंड द्यायचं आहे.

‘असं काही नसतं गं आई’ हे तुमच्या मनात असेल, पण ते तिला ऐकवू नका. खोटं बोला असं मी सांगत नाही. स्वर्ग आहे की नाही यावर ती तुमचं मत मागतच नाहीये. ज्याच्यासोबत सगळा संसार केला त्याच्यापासून आपण आपल्याच माळेमुळे कायमचे तुटणार की काय, या धास्तीने तिची झोप उडाली आहे. आणि ‘होईल गं, नक्की होईल’ असंही घाईने म्हणू नका. तुम्ही हे मानत नाही हे तिला ठाऊक आहे. आपली समजूत घातली जातेय हे तिला लगेच कळेल, आणि उद्यापासून ती विचारणं बंद करून एकटीच जागी राहील.

त्यापेक्षा तुम्हीच तिला विचारा, ‘बाबा याबद्दल तुझ्याशी काही बोलले होते का?’ १२ वर्षं दोन वेगळ्या श्रद्धा घेऊन एका स्वयंपाकघरात वावरलेल्या नवरा-बायकोने मरणानंतरचं एकदाही बोलून घेतलं नसेल, हे मला खरं वाटत नाही. मुलांसमोर हे बोललं जात नाही एवढंच. आईला ते आठवू द्या. बाबांचं स्वतःचं म्हणणं तिच्याजवळ असेल तर मावशींच्या आणि दादाच्या म्हणण्यापेक्षा त्याचं वजन तिच्यासाठी कितीतरी जास्त असेल. आणि ते याविषयी काही बोलले नसतील, तरी तिला सीबीएसला सोडायला जात होते हे आहेच. बायको माळ घालते म्हणून ती आपल्याला पारखी होणार, असं ज्याला वाटत होतं तो माणूस दर पौषात तिची पिशवी स्कूटरला अडकवून निघाला नसता.

आता मावशींविषयी. त्या मनापासून बोलतात, याबद्दल मला शंका नाही. योहानाच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात, येशू म्हणतो की मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे, माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही. मावशींच्या मंडळीत हे वचन अक्षरशः घेत असतील, तसं घेणाऱ्या मंडळ्या जगभर आहेत. पण सगळे ख्रिस्ती यावर एका मताचे आहेत अशी आईची समजूत झाली असेल तर ती दूर करा. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ साली, अधिकृतपणे लिहून ठेवलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताचं शुभवर्तमान कळलं नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला स्मरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. मावशी म्हणतील, आम्ही कॅथलिक नाही, आणि शुभवर्तमान तर तुमच्या घरातच होतं. बरोबर आहे त्यांचं. हा वाद तुमच्या बैठकीच्या खोलीत मिटणार नाही, दोन हजार वर्षांत चर्चमध्येही मिटलेला नाही. तो मिटलेला नाही, एवढंच आईला कळू द्या.

तिच्या नेमक्या प्रश्नाजवळ जाणाऱ्या बायबलमधल्या दोन जागा मात्र मला वेगळ्याच वाटतात. एक मार्काच्या बाराव्या अध्यायात आहे. काही लोक येशूला पेचात टाकायला विचारतात: एका बाईचा नवरा मेला, रिवाजाप्रमाणे दिराशी लग्न लागलं, तोही गेला, असे सात भाऊ झाले. मग पुनरुत्थानाच्या वेळी ती कोणाची बायको? येशू सांगतो की मेलेल्यांतून उठल्यावर लोक लग्न करत नाहीत आणि कोणाची लग्नं लावूनही दिली जात नाहीत, ते स्वर्गातल्या देवदूतांसारखे असतात. म्हणजे बाप्तिस्मा घेतला की नवरा-बायको म्हणून पुढची भेट ठरलेली, असा सरळ व्यवहार मावशींच्या ग्रंथातही लिहिलेला नाही. दुसरी जागा पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायात. नवरा ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा आणि बायको न ठेवणारी, अशा घरांबद्दल तो लिहितो. ती सोबत राहायला राजी असेल तर नवऱ्याने तिला सोडू नये, ती त्याच्यामुळे पवित्र झालेली आहे. आणि पुढे तो नवऱ्यालाच विचारतो की तू आपल्या बायकोला तारशील की नाही हे तुला काय ठाऊक?

बाबांचं बायबल घरात असेलच. ही पानं उघडून बघा. रोज वाचणारी माणसं पेनाने खुणा करतात, तारखा लिहितात, एसटीचं तिकीट नाहीतर लग्नपत्रिकेचा तुकडा खूण म्हणून ठेवतात. त्या पानावर काही सापडलं तर आईला दाखवा. नाही सापडलं तर त्यातून अर्थ काढत बसू नका.

आईच्या स्वतःच्या परंपरेबद्दल मी तिला काय सांगणार? तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. पण दुःखात माणसाला आपल्याच घरातलं आठवत नाही, म्हणून तुम्ही आठवण करून द्या. ‘हेचि दान देगा देवा’ म्हणताना ती रोज काय मागते? मुक्ती नको, संपत्ती नको, संतांची संगत दे, आणि त्यासाठी पुन्हा गर्भवासात घातलंस तरी आनंदाने जाईन. तुकोबा मोक्ष बाजूला ठेवून सोबत मागतात. गीतेच्या नवव्या अध्यायात तर स्वर्गालाही मुदत आहे: पुण्य संपलं की पुन्हा मर्त्यलोकात. आईच्या परंपरेत स्वर्ग हा शेवटचा मुक्काम कधी नव्हताच, म्हणून तिथे जागा चुकली तर सगळं संपलं असंही नाही.

आणि महाभारताचा शेवट तिला वाचून दाखवा, हवं तर दोन-तीन संध्याकाळी मिळून. धर्मराज स्वर्गात पोहोचतो तर समोर दुर्योधन वैभवात बसलेला, आणि भाऊ, द्रौपदी, कर्ण कुठेच नाहीत. ‘मला त्यांच्याकडे न्या’ म्हणतो. देवदूत त्याला काळोखाच्या, दुर्गंधीच्या वाटेने नेतो. ती वाट सहन न होऊन तो मागे वळतो, तेव्हा अंधारातून ओळखीचे आवाज येतात, की थोडा वेळ थांबा, तुम्ही आल्याने आम्हाला बरं वाटतंय. मग तो देवदूताला परत पाठवतो आणि तिथेच थांबतो. ते जिथे आहेत तोच माझा स्वर्ग, असं तो म्हणतो. पुढे ती सगळी परीक्षाच होती असं कळतं, पण थांबायचं ठरवताना त्याला ते माहीत नव्हतं. ज्या माणसाला आपल्या ग्रंथांनी साक्षात धर्म म्हटलं, तो आपल्या माणसांशिवायचा स्वर्ग नाकारतो. आईला वाटतं तसं वाटण्यात काही चूक नाही, कमीपणा नाही, हे तिला यातून कळलं तर बरं.

आता माळ काढण्याचं. माझं मत स्पष्ट आहे. बाबांना जाऊन वर्ष होईपर्यंत तिने माळ काढू नये आणि बाप्तिस्म्याची तारीखही ठरवू नये. रविवारी मंडळीत जावंसं वाटलं तर खुशाल जाऊ द्या, तुम्ही सोबत जा. बाबा ज्या बाकावर बसायचे तिथे बसून ती गाणी ऐकली तर तिला बरं वाटेल. पण कायमचा निर्णय आत्ता नको. वर्षानंतरही तिच्या मनात तेच असेल तर तिला एकच विचारा: ‘बाबा अजून असते, आणि भेटीचा प्रश्नच नसता, तरी तुला येशूकडे जावंसं वाटलं असतं का?’ ती ‘हो’ म्हणाली तर तुम्ही किंवा दादाने आडवं येऊ नये. जसा बाबांचा निर्णय बाबांचा होता, तसा हा तिचा असेल. ‘नाही’ म्हणाली तर ती स्वतःच थांबेल.

नाशिककरांना यासाठी फार लांबचं उदाहरण शोधायला नको. लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, जलालपूरच्या. १८९५ मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परतल्या, पण आपलं सोवळंओवळं आणि आपला देव घेऊनच परतल्या. एका घरात ख्रिस्ती नवरा आणि हिंदू बायको, त्याही काळात. नवऱ्यावर जीव होता, रोज त्याच्याशी भांडत होत्या, पण त्याच्यासाठी म्हणून धर्म बदलला नाही. जातिभेद माणसाने केलेला आहे, देवाने नव्हे, हे जेव्हा त्यांचं त्यांना उमगलं तेव्हा त्या वळल्या आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुमची आईही तिकडेच वळेल किंवा वळावी म्हणून मी हे सांगत नाही. नवरा हयात असताना, सगळीकडून दडपण असताना त्या बाईने पाच वर्षं स्वतःला पटण्याची वाट पाहिली, म्हणून सांगते. आणि टिळक स्वतः म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तुमच्या घरातल्या हरिपाठात आणि रविवारच्या उपासनेत मावशींना दिसतं तेवढं अंतर त्यांना दिसलं नसतं.

दादाशी बोलताना आधी त्याचं दुःख ओळखा. बापाला खांदा दिला पण अग्नी दिला नाही, दहाव्याला कावळा शिवण्याची वाट पाहिली नाही. मुलगा म्हणून जे करायचं असं त्याने लहानपणापासून पाहिलं, त्यातलं काहीच त्याच्या हातून झालं नाही. चोपडीतली सही त्याने का फोटो काढून आणली असेल? त्या पानावर बाबा त्यांच्या वडिलांसाठी उभे होते आणि खालची ओळ आपली असायला हवी होती, असं त्याला वाटतंय. रामाने दशरथाचं श्राद्ध इथेच केलं अशी रामकुंडाची श्रद्धा आहे, देशभरातून लोक अस्थी घेऊन इथे येतात. आणि हा तर इथलाच मुलगा. ‘बाबांनी ठरवलं होतं’ एवढं म्हणून त्याला गप्प करू नका.

तरीही दर्भाच्या पुतळ्याला माझा विरोध आहे, आणि तुम्हीही ठाम राहा. देह हाती लागला नाही, माणूस पुरात किंवा परमुलुखात गेला, अशा वेळी करायचा तो विधी. तुमच्या बाबांचा देह हाती होता. आपल्याला कुठे आणि कसं ठेवायचं ते त्यांनी शुद्धीत सांगितलं होतं आणि तुम्ही तसंच केलंत. आता पुतळा जाळायचा म्हणजे त्यांचा शेवटचा शब्द मागाहून खोडायचा. काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला तो याच शहरात, आणि ‘हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही’ हे बाबासाहेबांनी १९३५ मध्ये सांगितलं ते आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला. आपण कोण म्हणून मरायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, हे निदान नाशिककरांना नव्याने पटवायला लागू नये.

पण तर्पण वेगळं. त्याला मी हरकत घेणार नाही. तर्पणात आपण आपल्याकडून पाणी देतो, गेलेल्याच्या श्रद्धेत ढवळाढवळ करत नाही. त्या मंत्रांमध्ये तर जे या जन्मी आपले नातेवाईक नव्हते, दुसऱ्या कुठल्या जन्मी असतील, त्यांनाही पाणी दिलेलं आहे. एवढ्या मोठ्या ओंजळीत एक ख्रिस्ती झालेला बाप बसत नाही असं कोण म्हणेल? सर्वपित्री अमावास्येला दादाने रामकुंडावर जावं, गुरुजींना सगळं खरं सांगावं आणि तीळ-पाणी द्यावं. तुम्हीही जा. आईला यायचं असेल तर तीही येऊ दे. फक्त ‘यामुळे बाबांना गती मिळाली, नाहीतर ते अडकले होते’ असं दादाने आईसमोर बोलायचं नाही, हे आधी कबूल करून घ्या. मावशींच्या बोलण्याने आई जेवढी घाबरली आहे तेवढीच ती या वाक्याने घाबरेल.

मावशींना तोडू नका. नवरा गेलेल्या बाईकडे महिन्यांनंतरही डबा घेऊन येणारी माणसं फार थोडी असतात. आई आत असताना नको, त्या निघताना जिन्यापर्यंत सोडायला जा आणि सरळ सांगा: ‘मावशी, तुम्ही आलात की आईला बरं वाटतं. बाबांच्या आठवणी सांगा, प्रार्थना करा, गाणी म्हणा. पण भेट होणार नाही हे वाक्य आता तिच्यापाशी काढू नका. तिला झोप लागत नाही.’ बहुतेक वेळा एवढं पुरतं. त्यांना ते आपलं कर्तव्य वाटत असेल आणि त्या थांबल्या नाहीत, तर मंडळीच्या पाळकांना, म्हणजे पास्टरांना, भेटा. बाबांना त्यांनीच पुरलं असेल, म्हणजे घराची माहिती त्यांना आहे. त्यांना हेही विचारा की केवळ नवऱ्याची भेट चुकेल या भीतीने एखादी बाई बाप्तिस्मा मागायला आली तर तुम्ही तिला लगेच द्याल का. प्रामाणिक पाळक असेल तर ‘थांबा’ म्हणेल, आणि ते ‘थांबा’ त्यांच्या तोंडून आईने ऐकलं तर सगळ्यांत चांगलं.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नव्हती. आईचं दुःख आहे, दादाचं आहे, तुमचं नाही. वडील तुमचेही गेलेत. ‘मी फारसं काही मानत नाही’ म्हटलं की घरातल्या सगळ्यांची समजूत काढायचं काम आपोआप त्या माणसाकडे येतं. रात्री आई विचारेल तेव्हा कधीतरी ‘मलाही बाबांची आठवण येतेय’ एवढंच म्हणा. ते तर तुम्हीही मानता.

डिसेंबरात वर्ष होईल. त्या दिवशी काय करायचं यावरून पुन्हा ओढाताण होईल, म्हणून आत्ताच ठरवून ठेवा: सकाळी सगळ्यांनी मिळून दफनभूमीत जायचं, तिथे मंडळीची प्रार्थना, आणि संध्याकाळी घरी आईचा हरिपाठ. दादा दोन्हीकडे, मावशी दोन्हीकडे. आईला कबरीवर तुळशीचा हार ठेवावासा वाटला तर पाळकांना आधी विचारून घ्या, त्या दिवशी ऐनवेळी नकार आला तर तिला सोसणार नाही. पाळकांकडे जाणारच आहात, तेव्हा हे दोन्ही प्रश्न एकदमच विचारा आणि दादाला सोबत न्या.